संततीच्या आशेला पुराव्याचा आधार हवा

म्हैसूरमधील एका पारंपरिक वैद्याला ऑगस्ट २०१९ मध्ये घरातून नेण्यात आले, तो परत आलाच नाही. मूळव्याधीवरील त्याचे औषध गुणकारी म्हणून ख्यात होते. त्याची कृती हस्तगत करून तिचा व्यापार करण्याच्या हेतूने त्याला केरळमधील निलंबूर येथे वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवण्यात आले. त्याने कृती सांगितली नाही. २०२० मध्ये त्याचा बळी घेण्यात आला. हे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले आणि २०२५ मध्ये मंजेरीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवले.

या घटनेतील क्रौर्याची चर्चा पुष्कळ झाली. तिच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाची मात्र फारशी झाली नाही. ज्या कृतीसाठी एका माणसाचा जीव गेला, ती खरोखर गुणकारी होती का? हे ठाऊक असण्याचे साधन अपहरणकर्त्यांकडे नव्हते, रुग्णांकडे नव्हते आणि शासनाकडेही नव्हते. होती ती केवळ ख्याती. कृती गुप्त असल्यामुळे तिची परीक्षा झाली नाही, आणि वैद्याबरोबर तीही गेली. ती मौल्यवान असेल तर समाजाचे नुकसान झाले. निरुपयोगी असेल तर एका भ्रमापायी माणूस मारला गेला.

गुप्तता आणि ख्याती यांवर चालणाऱ्या या व्यवहाराची सर्वाधिक झळ ज्यांना बसते, त्यांत मूल होत नसलेली जोडपी अग्रभागी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. आपल्याकडे या दुःखाला सामाजिक अवहेलनेची जोड मिळते आणि ती बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येते. कुणी चूर्ण सुचवते, कुणी काढा, कुणी ‘अमक्या गावच्या वैद्यांकडे गुण येतो’ म्हणून पत्ता देते. नकार देण्याची मुभा सुनेला क्वचितच असते.

या औषधांना गुण येतो, असे इतक्या लोकांना का वाटते? याचे उत्तर लबाडीत शोधण्याआधी गणितात शोधावे. नियमित प्रयत्न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षभरात गर्भधारणा होते. उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दुसऱ्या वर्षात होते, तीही कोणत्याच उपचाराविना. पहिल्या वर्षाच्या अखेरीस धास्तावलेली ही जोडपी वैद्याकडे जातात आणि त्यांतील अनेकांच्या घरी पाळणा हलतो. श्रेय चूर्णाला मिळते. ज्यांचा पाळणा हलत नाही, ती पेढे घेऊन वैद्याकडे परत जात नाहीत. म्हणून प्रत्येक वैद्याच्या भिंतीवर बाळांची छायाचित्रे असतात आणि अपयशाची नोंद कुठेच नसते. हा न्याय नवसालाही लागू पडतो आणि महागड्या प्रजनन केंद्रांच्या जाहिरातींनाही.

याचा अर्थ वनौषधींत काहीच नाही, असा नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात शुक्राणूंची संख्या कमी असलेल्या ४६ पुरुषांपैकी काहींना नव्वद दिवस अश्वगंधा आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. अश्वगंधा घेणाऱ्यांमधील शुक्राणूंची संख्या अडीच पटींहून अधिक झाली. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु जोडप्याला हवे असते ते मूल. प्रयोगशाळेच्या अहवालातील वाढलेला आकडा नव्हे. या दोहोंतील अंतर किती असू शकते, हे आधुनिक औषधशास्त्रालाही अलीकडेच कळले. जस्त आणि फॉलिक आम्ल यांनी पुरुषाची प्रजननक्षमता वाढते, असे लहान अभ्यासांवरून मानले जात होते. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी घेण्यात आली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूरक गोळ्या घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या बाळांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अश्वगंधा, शतावरी किंवा फलघृत यांची अशा आकाराची आणि जिवंत बाळाचा जन्म हाच निकष मानणारी चाचणी झाली पाहिजे. ‘आयुर्वेदाची परीक्षा अशी करताच येत नाही’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. कोइम्बतूर येथे संधिवाताच्या ४३ रुग्णांवर आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांची तुलना करणारी, वैद्य आणि रुग्ण दोघांनाही अनभिज्ञ ठेवणारी चाचणी झाली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्धही झाली. संख्या लहान असली तरी मार्ग आहे, एवढे तिने दाखवून दिले.

उपयुक्ततेहून सुरक्षिततेचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. त्याचे कारण या औषधाच्या हेतूतच दडलेले आहे. गर्भधारणेसाठी घेतलेले औषध यशस्वी झाले, तर ते गर्भवतीच्या पोटात जात असते. आपण गर्भवती आहोत हे स्त्रीला कळेपर्यंत काही आठवडे उलटलेले असतात आणि गर्भाचे अवयव घडण्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. म्हणजे डोकेदुखीच्या औषधाहून या औषधाची कसोटी कितीतरी कठोर असावयास हवी. प्रत्यक्षात ती सर्वांत सैल आहे. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाला २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. ५ मायक्रोग्रॅमपासूनच पाठपुरावा करावा, असे तेव्हा तेथील मार्गदर्शक तत्त्व होते. या सहाही जणींनी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, हे सर्वज्ञात आहे. त्यापूर्वी, २००८ मध्ये, आंतरजालावरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली होती. त्यांतील सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ती औषधे अमेरिकी आणि भारतीय अशा दोन्ही उत्पादकांची होती. मुलगा व्हावा म्हणून गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या देशी औषधांचा जन्मजात व्यंगांशी संबंध असल्याचे हरियाणातील संशोधनाने दाखवले, तेव्हाही आपण फारसे हललो नाही.

‘वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. असा वाद होणे वाईट नाही. वाद तपासण्यासाठी पुरेशी नोंद नसणे वाईट आहे. अश्वगंधा थायरॉइडच्या संप्रेरकांची पातळी वाढवू शकते आणि वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रिया थायरॉइडच्या गोळ्याही घेत असतात. तिकडचा डॉक्टर काढ्याविषयी विचारत नाही, इकडचा वैद्य गोळ्यांविषयी विचारत नाही आणि रुग्ण दोघांपासूनही दडवते.

याहून मोठा अपाय विषाचा नसून वेळेचा आहे. क्षयरोगामुळे बंद झालेल्या गर्भनलिका कोणत्याही काढ्याने उघडत नाहीत. शुक्राणूंचा मार्गच बंद असेल तर पौष्टिक चूर्ण काय करणार? पस्तिशीनंतर स्त्रीची प्रजननक्षमता वेगाने घटते; तेथे ‘आणखी सहा महिने घेऊन पाहा’ या सल्ल्याची किंमत पैशात मोजता येत नाही. सुश्रुतसंहितेने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींची अनुकूलता आवश्यक मानली आहे. चारही तपासल्याशिवाय सर्वांना एकच पुडी देणारा वैद्य आधुनिक शास्त्राइतकाच आपल्या परंपरेचाही अपराधी ठरतो.

मग कायदा काय करतो? १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत आणि ते बरे करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. त्यात स्त्रियांच्या वंध्यत्वाचा समावेश आहे. पुरुषांच्या वंध्यत्वाचा नाही. मूल न होण्याच्या कारणांपैकी जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचा वाटा असतो. पण समाजाची दृष्टी कायद्यातही उतरली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. ती कठोर करण्याचा मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये आला. कायदा मात्र बदलला नाही. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी आवश्यक करणारा नियम १७० केंद्राने जुलै २०२४ मध्ये वगळला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली. त्यानंतर काहीच महिन्यांत बंगळुरूतील एका संगणक अभियंत्याची तक्रार गाजली. रस्त्याकडेच्या तंबूतील ‘गुरुजीं’नी लैंगिक समस्येवर दिलेल्या जडीबुटीपायी आपले ४८ लाख रुपये गेले आणि मूत्रपिंडांनाही इजा झाली, असे त्याचे म्हणणे होते. शिक्षित, कमावत्या पुरुषाची ही गत असेल, तर अवहेलनेने पिचलेल्या खेड्यातील स्त्रीची काय असेल?

केवळ बंदीने हा प्रश्न सुटणार नाही. लोक काढ्याकडे वळतात, कारण दुसरा दरवाजा त्यांच्यासाठी बंद असतो. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वावरील उपचारांचा समावेश नाही. सहाय्यित प्रजननाचा २०२१ चा कायदा केंद्रांची नोंदणी करतो, पण गरिबाला त्या केंद्रापर्यंत पोहोचवत नाही. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये हे उपचार मोफत देण्यास सुरुवात केली. हे उदाहरण अपवाद म्हणून राहू नये. किमान वीर्यतपासणी, क्षयरोगाची आणि थायरॉइडची चाचणी, गर्भनलिकांची तपासणी एवढे तरी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत मिळावे. नोंदणीकृत वैद्याने या तपासण्यांशिवाय वंध्यत्वावर उपचार सुरू करू नयेत आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतर तिला तज्ज्ञाकडे पाठवणे बंधनकारक असावे. गर्भधारणेसाठी विकल्या जाणाऱ्या औषधाच्या प्रत्येक उत्पादन-तुकडीतील जड धातूंचा अहवाल जाहीर व्हावा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा २०१८ पासून अस्तित्वात आहे, तक्रारींसाठी ‘आयुष सुरक्षा’ हे संकेतस्थळ २०२५ मध्ये आले. त्यांच्याकडे प्रसूतिगृहांतून आणि यकृतविभागांतून नोंदी जाव्यात, अशी सक्ती हवी.

यासाठी लागणारे सारे म्हैसूरसारख्या शहरात हाकेच्या अंतरावर आहे. १९०८ मध्ये राजाश्रयाने सुरू झालेले आयुर्वेद महाविद्यालय तेथे आहे. अन्नपदार्थांचे पृथक्करण करणारी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून तेथे आहे. जवळच हुणसूर तालुक्यात हक्की-पिक्की समाजाची वस्ती आहे. या समाजातील माणसे वनौषधींची तेले घेऊन आफ्रिकेपर्यंत जातात. २०२३ मध्ये सुदानच्या युद्धात त्यांतील अनेक जण अडकले, तेव्हा देशाला त्यांचे अस्तित्व कळले. ग्रंथ, प्रयोगशाळा आणि लोकज्ञान एकाच जिल्ह्यात नांदतात. पण त्यांची गाठ पडत नाही. लोकवैद्याने आपली कृती विश्वासाने नोंदवावी, तिच्यावरचा त्याचा हक्क आणि लाभातील वाटा कायद्याने सुरक्षित राहावा, महाविद्यालयाने तिची चाचणी घ्यावी आणि प्रयोगशाळेने तिची शुद्धता तपासावी, अशी व्यवस्था उभी राहिली असती तर २०१९ मध्ये त्या वैद्याच्या कृतीसाठी कुणाला त्याचे अपहरण करावे लागले नसते.

ती व्यवस्था उभारणे म्हणजे आयुर्वेदाचा अपमान नव्हे. जे औषध उजेडात टिकेल, त्याला घरोघरी मान मिळेल. जे टिकणार नाही, ते निदान एखाद्या स्त्रीची उमेदीची वर्षे तरी हिरावून घेणार नाही.