बोटाचा भाव आणि पहिला कागद

अंगठा ३० टक्के. तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, दोन्ही हात गेले तर १००. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. पण भाव कायद्यानेच ठरवून दिल्यामुळे जखमी माणसाला मालकाच्या दारात घासाघीस करावी लागू नये, असा त्यामागचा विचार आहे. डावा-उजवा भेदही हा तक्ता करत नाही, त्यामुळे डावखुऱ्याला काही गमवावं लागत नाही.

हिशेबही कंजुषीचा नाही. महिना १८ हजार मिळवणाऱ्या २५ वर्षांच्या ऑपरेटरची तर्जनी प्रेसखाली गेली असं धरू. २०२० पासून या हिशेबात पगार जास्तीत जास्त १५ हजार धरला जातो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. पंचविशीचा गुणांक २१६.९१, म्हणजे १९ लाख ५२ हजार १९०. त्याचे १४ टक्के काढले की २ लाख ७३ हजार ३०७ रुपये होतात. देणं लागू झाल्यापासून महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

कारखान्याला ईएसआय लागू असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर हा दावा मालकावर न येता कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे (ईएसआयसी) जातो. बरं होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात. नोकरीचा पहिला दिवस असला तरी. पुढे वैद्यकीय मंडळाने कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं ठरवलं, तर रोजच्या ६०० रुपये मजुरीवर दिवसाला ७५ रुपये ६० पैसे, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास, आयुष्यभर. मालकाने वर्गणी भरलीच नव्हती, ही सबब कामगाराच्या आड येत नाही. महामंडळाने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचं, असं कायदाच म्हणतो.

मग एवढं सगळं असताना माणसं रिकाम्या, आणि तुटक्या, हातांनी गावी का परततात?

कारण हा तक्ता उघडायच्या आतच निकाल लागलेला असतो. चाकण, भोसरीतल्या एखाद्या छोट्या प्रेस शॉपमध्ये बोट गेलं की पहिली धावपळ होते ती मालकाच्या ओळखीच्या खासगी दवाखान्याकडे. केसपेपरवर जखम कशी झाली ते सुपरवायझर सांगतो. जखमी पोरगा वेदनेने अर्धमेला, त्यातून बिहारचा किंवा मराठवाड्याचा. नात्यातलं कुणी जवळ नाही. घरी दारात बोट सापडलं, असं लिहून गेलं की खेळ संपला. नंतर काही हजारांची पाकिटं, स्टँप पेपर, अंगठा, आणि ‘मिटवून टाकू’. (ज्या हाताचं बोट गेलं, त्याच हाताचा अंगठा उठवून घेतला जातो, हेही घडतं.) अशा कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल असतो. पण हे त्या पोराला सांगणार कोण? भरपाईचे हक्क नोकरीवर घेतानाच कामगाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यावेत, असं बंधन मालकावर २०१७ च्या दुरुस्तीने घातलं. असा कागद मिळालेला हेल्पर शोधून पाहावा.

दुसरी चलाखी तारखांची. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत, मुख्यतः गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात, काम करते. ‘क्रश्ड’ या नावाचे तिचे अहवाल २०१९ पासून येत आहेत. पॉवर प्रेसवर बोटं जातात आणि बऱ्याच कामगारांच्या हाती ईएसआयसीचं कार्ड पडतं ते अपघातानंतरच, ही तक्रार त्यांत पुन्हा पुन्हा येते. म्हणजे माणूस महिनोन्महिने राबतो तेव्हा कागदावर नसतोच; बोट पडलं की एकदम ‘कर्मचारी’ होतो.

आणि वर ऐकवायचं, ‘लक्ष कुठं होतं तुझं? चूक तुझीच आहे.’ हे वाक्य इतकं चालतं की कामगारांनाही ते खरं वाटू लागलं आहे. कायदा असं म्हणत नाही. डुलकी लागली, हात घसरला, घाई झाली, एवढ्याने दावा बुडत नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं किंवा गार्ड जाणूनबुजून काढणं, अशी मोजकी कारणं मालकाला वाचवतात. आणि मृत्यू वा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही नाहीत. शिवाय गार्ड काढायला कोण लावतं? तासाला नगांचा आकडा गाठायला सेन्सर बंद ठेवणारा सुपरवायझर केसपेपरवर कधीच दिसत नाही.

तक्त्यातले टक्के हा शेवटचा शब्द नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं. ओडिशात एका सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्यात बघितलं तर हे अंशतः अपंगत्व. पण एका हाताने रंधा मारता येत नाही; सुतार म्हणून तो संपला. म्हणून आयुक्तांनी हानी १०० टक्के धरली, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. शरीराचा किती भाग गेला हा एक प्रश्न, आणि त्या माणसाचं काम किती गेलं हा वेगळा. वखारीतल्या हमालाची करंगळी आणि शिलाई मशिनवर बसणाऱ्या बाईची तर्जनी, दोन्हीकडे नुसता तक्ता लावून चालणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून भरपाईचा आणि ईएसआयचा, हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. कामावर येता-जाताना झालेला अपघात ईएसआयपुरता २०१० पासून धरला जात होता, तो आता मालकाने द्यायच्या भरपाईतही आला. चांगलं झालं. मात्र अपघाताची पहिली हकिगत लिहायचा मान मालकाच्याच माणसाकडे राहिला, तर संहितेची पानं कितीही बदलली तरी चाकणचा केसपेपर बदलत नाही.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. औद्योगिक वसाहतींतल्या दवाखान्यांनी यंत्राने तुटलेल्या प्रत्येक बोटाची खबर थेट कामगार खात्याला आणि महामंडळाला द्यावी, आणि जखमीचा जबाब सुपरवायझरला बाहेर बसवून घ्यावा. दुसरं काम तर बसल्या जागी होण्यासारखं आहे. कामगाराची नोंदणी कधी झाली आणि अपघात कधी झाला, या दोन्ही तारखा महामंडळाच्याच संगणकात असतात. त्यांत एक-दोन दिवसांचंच अंतर असेल, तर त्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी निरीक्षक जायला हवा, आणि प्रेसवर उभ्या असलेल्या बाकीच्यांची कार्डं त्याने मागून बघायला हवीत.