विसर्जन कशाचे, जतन कशाचे

श्रावणसरी ओसरू लागतात, मंडईत केवडा आणि दूर्वांच्या जुड्या दिसू लागतात, गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे वासे येऊन पडतात आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीची चाहूल आपल्या घराघरांत लागते. कुणी माळ्यावर चढून समया खाली उतरवतो, कुणी चांदीची भांडी घासायला काढतो, आणि मग दरवर्षीचा प्रश्न ठरल्या वेळी पुढे येतो: यंदा आरास काय करायची? या प्रश्नात उत्साह असतो, हौस असते, थोडी शेजाऱ्यांशी चढाओढही असते. पण हाच प्रश्न जरा थांबून, वर्षाचा हिशेब मांडावा तसा स्वतःला विचारावा, असे हे दिवस आहेत.

आपल्या पूर्वजांनी या उत्सवात वस्तूंची एक शहाणी विभागणी करून ठेवली आहे. काही वस्तू जाण्यासाठी येतात आणि काही राहण्यासाठी. मूर्ती मातीची, ती पाण्यात जायची. पत्री, फुले, दूर्वा मातीला मिळायच्या. पाट, चौरंग, समई, मखराची चौकट मात्र घरात राहायची. तळकोकणात अजूनही कितीतरी कुटुंबे श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास, घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, पोचता करतात. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो, चतुर्थीला गणपती त्याच पाटावरून घरी येतो, आणि विसर्जन झाल्यावर पाटावर पाणवठ्याची मूठभर वाळू घेऊन माणसे परततात. माती जाते, लाकूड परत येते. तीच गोष्ट माटवीची, म्हणजे गोव्यातल्या माटोळीची. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या चौकटीला नारळ, शिपटासकट सुपाऱ्या, कवंडळे, आंब्याचे टाळ आणि रानातली फुले-फळे बांधतात. बांधलेले सगळे दरवर्षी ताजे असते. चौकट मात्र पुसूनपासून पुन्हा वापरायची असते. नित्य नवे आणि नित्य जुने यांची इतकी सुंदर गाठ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

मधल्या काही दशकांत आपण ही विभागणी नकळत उलटी करून टाकली. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची झाली. ती पाण्यात विरघळेना. मखर थर्माकोलचे झाले. ते पुढच्या वर्षापर्यंत टिकेना आणि फेकल्यावर कुजेना. जायला हवे ते जात नाही आणि राहायला हवे ते राहत नाही, अशी ही अवस्था. 2018 च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी घातली, तेव्हा मखरांच्या बाजारात मोठी खळबळ उडाली होती. त्यानंतर फोमचे आणि एमडीएफच्या कातीव पाट्यांचे मखर आले, त्यांवर ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठीही चिकटली. पण एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि रासायनिक डिंक दाबून केलेली पाटी. ओल लागली की ती फुगते. कायद्याने एक वस्तू बंद होते. दरवर्षी नवे आणून दरवर्षी टाकण्याची सवय मोडणे हे कायद्याचे नव्हे, आपले काम आहे.

आणि ही सवय मोडण्यासाठी फार लांब जायला नको. जुने लाकूड आपल्या आसपास विपुल आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात मुठेकाठचे कितीतरी जुने वाडे जमीनदोस्त झाले. जे वाचले त्यांपैकी अनेकांच्या जागी पुढे इमारती उभ्या राहिल्या. वाई, सातारा, नाशिक, कोकणातली गावे, कुठेही आज तेच चालले आहे. या घरांच्या तुळया, कड्या, खांब, खिडक्यांच्या चौकटी वखारींत येऊन पडतात. काही सरपणालाही जातात. त्यांतले उत्तम ते जपणारे डोळे आपल्याकडे होऊन गेले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल पुन्हा मांडून उभा केलेला आपण पाहतो. एक वास्तू उतरवून दुसरीकडे जागवता येते, याचा तो पुरावाच. आपल्याला महाल उभारायचा नाही. वीतभर रुंदीच्या चार फळ्या आणि दोन कड्या एवढ्यात घरचा देव्हारा सजतो.

अशी एखादी जुनी कडी हाती घेऊन पाहावी. वरून ती चुलीच्या धुराने काळवंडलेली, चुन्याचे पोपडे धरलेली, जागोजागी खिळ्यांनी टोचलेली असते. सुताराचे पहिले काम खिळे उपटण्याचे. आत एखादा मोडका खिळा राहिला तर तो रंध्याचे पाते खातो. लाकूड ठोकून ऐकायचे: पोकळ आवाज आला किंवा बारीक भुकटी झडली तर आत कीड आहे, ती फळी बाजूला ठेवायची. उरलेल्यांना कडक ऊन द्यायचे. मग रंधा फिरतो आणि काळ्या कातडीखालून मधाच्या रंगाचे सागवान वर येते. इतकी वर्षे मुरलेले हे लाकूड सहसा वाकत नाही, आणि सागाच्या अंगच्या तेलामुळे वाळवीही त्याला सहजी लागत नाही. एका तुकड्याला कुसू काढावे, दुसऱ्याला त्याच मापाचे साल, म्हणजे खाच, कोरावे, सांध्यात लाकडी पाचर ठोकावी. खिळा न मारता चौकट उभी राहते. वर जवसाच्या तेलाचा एक हात दिला की पुरे. खिळ्यांची भोके बुजवू नयेत. त्यांतून ओवलेली आंब्याची डहाळी फार शोभते. अनंत चतुर्दशीनंतर पाचरी काढल्या की सारे मखर जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर जाते.

हौसेबरोबर थोडी सावधगिरीही हवी. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते; तो रंग कोरडा घासू नये, जाळू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्या स्वस्त मिळतात. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. पहिले घ्यावे, दुसरे घरात आणू नये.

याहून मोठी सावधगिरी मनाची. जुन्याची आता फॅशन झाली आहे. नवे लाकूड तासून, डागाळून ‘जुने’ म्हणून विकले जाते आणि चांगले उभे दार तोडून त्याचे शोभेचे तुकडे केले जातात. जे दार अजून दार म्हणून लावता येईल ते दारच राहू द्यावे. ज्याचे पहिले आयुष्य खरोखर संपले आहे त्याला दुसरे आयुष्य देणे, एवढाच या खटाटोपाचा अर्थ. तो विसरला तर थर्माकोलच्या जागी सागवान येईल आणि हव्यास तोच राहील.

उत्सव दरवर्षी नवा होतो तो वस्तूंनी नव्हे, माणसे पुन्हा एकत्र येण्याने. मखर जोडायला बसलेल्या घरात आजोबा पाचर धरतात, नातू हातोडी मागतो, कुणी ‘हे आपल्या पडवीतले लाकूड’ म्हणून सांगू लागते, आणि पाडलेल्या घराच्या आठवणीला पुढच्या पिढीत जागा मिळते. गावातल्या सुतारालाही चार दिवसांचे काम मिळते, त्याचा हात आणि त्याचे शब्द चालू राहतात. सार्वजनिक मंडळांनी हे मनावर घेतले तर एका मांडवाची चौकट कित्येक उत्सवांना पुरेल आणि वाचलेली वर्गणी शेजारच्या शाळेला जाईल.

म्हणून यंदा बाजाराची वाट धरण्याआधी आपण एकदा आपल्या माळ्यावर, पडवीत, जवळच्या वखारीत डोकावू या. मोडकी खिडकी, जुन्या फळकुटांचा ढीग, बिनपायांचा चौरंग, जे मिळेल त्यातून एक साधे मखर उभे करू या. मूर्ती शाडूची आणू या, तिला निश्चिंत मनाने निरोप देऊ या, आणि मखर उतरवताना त्याच्या पाठीवर पेन्सिलीने यंदाचे साल लिहू या. पुढच्या वर्षी त्याखाली दुसरे साल लिहिण्याची जबाबदारी आपलीच आहे.