पदर म्हणजे संरक्षण नव्हे

निपाणीत तंबाखूच्या वखारीत नवखा माणूस शिरला की आधी शिंकतो, मग बोलतो. तंबाखू चाळणाऱ्या बायका मात्र तीच धूळ दिवसभर घेतात, तोंडाला पदर बांधून. बारीक धूळ पदराला जुमानत नाही. आणि निकोटिन, विशेषतः ओल्या पानाचे, कातडीवाटेही अंगात भिनते.

धूळ कामगाराच्या नाकात जाऊ नये ही जबाबदारी मालकाची, असे 1948 च्या कारखाना कायद्यातच होते; गरज असेल तिथे ती उठते त्याच्या जवळच ओढून घ्यावी, असेही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी नवी संहिता आली. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेण्यास तीत मनाई आहे.

म्हणून आधी धूळ ओढणारे पंखे बसवा, चाळण्या झाका. त्यानंतर तोंडावर घट्ट बसणारे चांगले मास्क आणि हातमोजे द्या. पातळ मास्क वाटून फोटो काढणे आता पुरे!

"बायकाच मास्क काढून ठेवतात" हे आम्ही ऐकून आहोत. काढतात, कारण जीव गुदमरतो. आणि मजुरी कामाच्या मापावर असेल तर घटकाभर बाहेर जाऊन श्वास घेणेही परवडत नाही. तेवढी सुटी भरपगारी द्या, मग बोला.

1981 साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीने गोळ्या झेलल्या. त्याच सुमारास वखारीतल्या बायकाही संघटित झाल्या होत्या. आपल्यातल्या अनेक घरांचे वैभव याच वखारींचे. सरकारी फलक मराठीत हवेत म्हणून आपण भांडतो, ते योग्यच. पण धुळीच्या धोक्याची मराठी पाटी स्वतःच्या वखारीत लावायला आपल्याला कोणाची परवानगी हवी आहे?