चार हजारांच्या भांडणाला एक टेबल द्या

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. सचिव, विधी व न्याय विभाग,
मा. सचिव, पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण
यांस,

मी पुण्यात, नारायण पेठेत राहते. सासऱ्यांनी बांधलेल्या घराचा वरचा मजला, तीन खोल्या, आठ कॉट. गेली बावीस वर्षं मी कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट भाड्याने देऊन, मुलं ठेवते आहे. बहुतेक एमपीएससीची तयारी करणारी: हिंगोलीची, बीडची, धाराशिवची, नंदुरबारची. पहाटे अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. मला ती काकू म्हणतात. आजारी पडली तर मी पेज करून देते, परीक्षेला निघाली की हातावर दही-साखर ठेवते. आमचं बिनसतं ते एकाच दिवशी. खोली सोडायच्या दिवशी.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा असाच निघाला. पूर्वपरीक्षेत पुन्हा एकदा नाव आलं नव्हतं, घरून बोलावणं आलं होतं. त्याचे चार हजार रुपये माझ्याकडे डिपॉझिट होते. त्याच्या कॉटलगतच्या भिंतीला पोपडे आले होते, खाली काळं पडलं होतं. मी म्हटलं, ओले कपडे भिंतीला लावून वाळवतोस, त्याचा हा परिणाम. तो म्हणाला, "काकू, ओल मी यायच्या आधीपासून होती." त्याच्याकडे फोटो नव्हता, माझ्याकडेही नव्हता. रंगाऱ्याने साडेचार हजार सांगितले होते. मी डिपॉझिट ठेवून घेतलं. तो जिन्यात थोडा वेळ बॅग धरून उभा राहिला, मग "बरं काकू" म्हणून गेला.

पुढच्या पावसाळ्यात ती कॉट रिकामी होती. रंगवलेल्या भिंतीला पुन्हा तसेच पोपडे आले. प्लंबरने पाहिलं तेव्हा कळलं, गच्चीवरचा पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या आत फुटला होता. मुलाचा फोन लागेना. त्याचं भाडं वडिलांच्या नंबरवरून फोनपेवर यायचं, त्यावर मी चार हजार पाठवले. संध्याकाळी वडिलांचा फोन आला, "ताई, चुकून आलेत का पैसे?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या वेळी त्याच्या परतीच्या गाडीला आम्ही उसने काढले होते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या दिवशी खोटं बोलले नव्हते. मला खरंच वाटत होतं की भिंत त्याने खराब केली. पण फिर्यादी मीच, निकाल देणारी मीच आणि पैसेही माझ्याच कपाटात. तिसरं माणूस कुणी असतं, त्याने फक्त "गच्ची बघितलीत का?" एवढं विचारलं असतं, तरी पुरे होतं.

उलटही घडलं आहे. दोन मुलं दोन महिन्यांचं भाडं थकवून रात्रीतून गेली. सोळा हजार रुपये. मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "काकू, हा दिवाणी मामला आहे, आम्हाला हात घालता येत नाही." ते बरोबरच बोलले. मुलगा राहायला आला की त्याची माहिती पोलिसांकडे नोंदवावी लागते. जाताना हिशेब झाला का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मग कोर्ट. पुण्यात लघुवाद न्यायालय आहे, नावातच 'लघु' आहे. पण चार हजारांसाठी वकील उभा करायचा, तर त्याची पहिली फीच वादाच्या रकमेला गिळते. आणि ज्याने दाद मागायची तो मुलगा नंदुरबारला पोचलेला असतो. तारखेला यायचं म्हणजे येण्याजाण्याचं भाडं, एक मुक्काम आणि बुडालेला रोज. म्हणून कुणी जात नाही. चौकीत नोंद नाही, कोर्टात दावा नाही, तेव्हा आपल्या कागदांवर ही भांडणं दिसतच नसणार. पेठेत मात्र दर जून महिन्यात जिन्याजिन्यांत ती ऐकू येतात.

कायदा मी जमेल तसा वाचला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जाईल. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगलं कलम आहे. पण शहरात करार नोंदवायला एक हजार रुपये नोंदणी फी, वर मुद्रांक शुल्क, वर एजंटाचे पैसे. चार हजारांच्या कॉटसाठी हे कोण करतो? मीही केलं नाही.

पुढे तर आणखी अडचण आहे. याच कायद्याने 'परवानाधारक' (लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा) या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलं आहे, आणि पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्या जागेचा भाग वापरणारा. माझी मुलं कदाचित त्यात बसतील. पण मालक कोथरूडला आणि सदाशिव पेठेतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये दहा कॉट, तिथली मुलं कशात बसतात? कॉट हा शब्द मला त्या कायद्यात कुठेच सापडला नाही. अर्ध्या पेठेचा संसार ज्या शब्दावर चालतो, तो कायद्याच्या गावीही नाही.

आणखी एक गोष्ट मालक असूनही बोलते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सुटली नाही, तर मालकाला याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येतं. जितके दिवस राहणारा बसून राहील तितक्या दिवसांचं दुप्पट शुल्कही मागता येतं. हे हवंच होतं. पण माझ्याकडे अडकलेलं डिपॉझिट सोडवायला त्या मुलासाठी असं एकही दार नाही. तराजूचं एकच पारडं आपण टांगलं आहे.

लॉकडाऊनमध्ये हे उघडं पडलं. १७ एप्रिल २०२० रोजी गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, कुणाला बाहेर काढू नका. सूचना योग्य होती, मी पाळली. पण पुढे ढकललेलं भाडं नंतर किती द्यायचं, मुलं गावी असतानाच्या महिन्यांचं द्यायचं का, हे कुणी ठरवायचं? आमच्या गल्लीत एका मालकाने भाडं मिळेपर्यंत मुलांच्या ट्रंका अडवल्या. त्यात कपडे थोडे आणि वह्याच जास्त होत्या. दोन वर्षं हाताने काढलेल्या नोट्स. ती मुलं परीक्षेला त्या वह्यांशिवाय बसली.

माझी मागणी लहान आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ हा १९९५ पासून आपल्याकडे लागू आहे. लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणं चालतात, कोर्ट फी लागत नाही, तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. बँकांची थकबाकी, विजेची बिलं त्यात येतात. मग डिपॉझिट का नको? दर शनिवारी कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात एक टेबल मांडा. एक निवृत्त न्यायाधीश, एक वकील, एक समाजकार्यकर्ता. गावी गेलेल्या मुलाला फोनवर चित्र दिसेल असं बोलता येऊ द्या, त्याला गाडीभाडं पडायला नको. पंचवीस हजारांच्या आतलं प्रकरण एका बैठकीत ऐका.

मालक येणारच नाही, असं कुणी म्हणेल. तडजोड दोघांच्या राजीखुशीनेच होते, हे खरं आहे. पण प्राधिकरणाच्या शिक्क्याची नोटीस घरी आली की पेठेतला माणूस येतो. शेजारपाजारी कळतं. आणि जे तरीही येणार नाहीत त्यांच्यासाठी गृहनिर्माण विभागाने कायद्यात दोन ओळी घालाव्यात: कॉटलाही करार, फुकट, एका पानाचा, मोबाइलवर नोंदवता येईल असा. त्यातच डिपॉझिटची रक्कम, भिंती-नळ-पंख्याचे फोटो, वीजबिलाची वाटणी आणि परताव्याची तारीख. माझ्याकडे असा कागद त्या दिवशी असता तर वाद भिंतीपाशीच मिटला असता.

आता मी प्रत्येक मुलगा आला की त्याच्यादेखत चारही भिंतींचे फोटो काढते आणि त्याच्या वडिलांना पाठवते. गल्लीत चार घरांनी हे सुरू केलं आहे. पण आम्ही चारच घरं आहोत.

जूनमध्ये कॉट बदलतात. शनिवारचं टेबल त्याआधी लागणार असेल तर कळवावं. माझ्या वरच्या मजल्यावरची आठही मुलं आणि मी, पहिल्या शनिवारी गल्लीत पत्रकं वाटायला येऊ.

आपली,
नारायण पेठेतील एक घरमालकीण