मौन कोणाच्या मुखत्यारीचे?

चंदीगडमध्ये ‘कार्मेल’ म्हटले की सेक्टर ९ मधील मुलींची शाळा आठवते. आणि ती चालविणाऱ्या अपोस्टोलिक कार्मेल संघाच्या धर्मभगिनी अध्यापनाच्या निमित्ताने नित्य लोकांत वावरत असल्यामुळे, त्याच कार्मेल परंपरेत जन्मभर एकाच आवारात राहून दिवसाचा बहुतेक काळ मौनात घालविणाऱ्या संन्यासिनींची दुसरी शाखा आहे, हे येथील फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ते कळते ते बहुधा एकच विचारतात : शाळा नाही, इस्पितळ नाही, मग या स्त्रियांचा समाजाला उपयोग काय?

हा प्रश्न मला उथळ वाटतो, आणि या शहरात तर तो अधिकच विसंगत वाटतो. ज्या ल कॉर्ब्युझिएने १९५१ पासून चंदीगडचा आराखडा सिद्ध केला, त्याने १९०७ साली, ऐन तारुण्यात, फ्लॉरेन्सजवळचा एमाचा कार्थुसियन मठ पाहिला होता. प्रत्येक संन्याशाला स्वतःची खोली, स्वतःची चिमुकली बाग, आणि त्यापलीकडे सर्वांचे मिळून प्रार्थनामंदिर व भोजनगृह, ही रचना त्याच्या मनात इतकी खोल रुजली की पुढे गृहस्थांच्या वसाहती कल्पितानाही एकांत आणि सहवास यांचे तेच प्रमाण तो शोधीत राहिला. येथील उच्च न्यायालय व सचिवालय उभे राहत होते त्याच दशकात फ्रान्समध्ये लियॉंजवळ तो ला तुरेतचा डॉमिनिकन मठ बांधीत होता. १९५८ साली झालेल्या सुखना तलावाच्या बांधावर वाहने येऊ नयेत, पाण्यात यांत्रिक नौका फिरू नयेत, असा त्याचा आग्रह होता, आणि नागरिकांना निसर्ग शांततेत अनुभवता यावा म्हणून हा तलाव त्यांना अर्पण केल्याचे तेथील शिलालेखात नमूद आहे. राजधानीच्या आराखड्यात रस्ते आणि कचेऱ्या यांच्याबरोबर शांततेचीही तरतूद करणारे शहर मठातील मौनाला निरुपयोगी कसे म्हणू शकेल?

हे मौन बाहेरच्यांना वाटते तसे मुकेपणही नव्हे. आविलाच्या तेरेसाने १५६२ साली कार्मेल परंपरेतला आपला पहिला सुधारित मठ स्थापिला तो, शंभराहून अधिक स्त्रियांच्या आणि भेटीला येणाऱ्यांच्या अखंड वर्दळीच्या आपल्या जुन्या मठाला विटून. म्हणून तिने नव्या मठांतील संख्या प्रथम तेरा आणि नंतर एकवीसपर्यंत मर्यादित केली, मूक ध्यानाला दिवसाचे दोन तास नेमून दिले, आणि त्याचबरोबर हातांनी सूतकताई वा शिवणकाम करीत एकमेकींशी मोकळेपणाने बोलण्यासाठीही रोज वेळ राखून ठेवला. बोलणे ठरलेल्या वेळी आले की ते ऐकलेही जाते, ही त्यातील मर्मदृष्टी मला मोलाची वाटते. याच परंपरेतल्या लिझ्यूच्या मठात पंधराव्या वर्षी शिरलेली तेरेझ १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी तेथेच वारली; तिला १९२७ साली पोपने धर्मप्रसारकांची आश्रयदात्री ठरविले, आणि हा मान तिला मिळाला तो समुद्रामागून समुद्र ओलांडणाऱ्या, आज जुन्या गोव्यात चिरविश्रांती घेणाऱ्या फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने.

परंतु गोव्याचा उल्लेख आला की दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी १६०६ साली जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आरंभिला आणि १६२७ मध्ये ती भव्य वास्तू पूर्ण झाली. मात्र तेथील प्रवेशाला हुंडा लागे, आणि कुलीन घराण्यांच्या मिळकती मठात गडप होतात अशी फिर्याद नगरसभेने थेट पोर्तुगालच्या दरबारापर्यंत नेली. त्या काळी कॅथलिक जगतात वारसाची वाटणी टाळण्यासाठी मुलींना मठात ढकलले जाई. तसे करणाऱ्यांना ट्रेंटच्या धर्मपरिषदेला १५६३ साली बहिष्काराची शिक्षा ठरवावी लागली, यातच त्या प्रथेची कबुली आहे. पुढे पोर्तुगालने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले आणि सांता मोनिकातील अखेरची संन्यासिनी त्याच शतकाच्या नवव्या दशकात निवर्तली. बापाच्या हुकमाने लादलेल्या त्या शांततेला मी तपश्चर्या म्हणणार नाही; ती कैद होती. आज व्हॅटिकनच्या २०१८ च्या निर्देशानुसार उमेदवारीपासून अंतिम व्रतापर्यंत किमान नऊ वर्षे जावी लागतात आणि तोवर माघारीची वाट मोकळी असते, हा फरक लहान नाही.

स्वेच्छेने एकांत घेण्याचा अधिकार स्त्रीला असावा, हे महाराष्ट्राला परके वाटू नये. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले ते याच जाणिवेतून, की आध्यात्मिक साधनेचे स्वातंत्र्य आणि सामूहिक जीवनाची सूत्रे स्त्रियांच्या स्वतःच्या हाती असावीत. पण पवनार अपवादच राहिले. आमच्या घरांत पुरुषाला देवघर, ओसरी, वर्तमानपत्र असा कोणता तरी आडोसा मिळतो. गृहिणीला स्वयंपाकघरात दार लावून बसण्याचीही मुभा नसते, आणि ती दहा मिनिटे गप्प बसली तर ‘काय झाले?’ म्हणून चौकशी सुरू होते. मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या स्त्रीची कीव करणाऱ्यांनी आधी आपल्या घराकडे पाहावे. चंदीगड असो वा चंद्रपूर, दिवसातील एक तास प्रत्येक घराने तेथील स्त्रीच्या नावे लिहून द्यावा; त्या तासात तिला कोणी हाक मारू नये, आणि त्याचा हिशेबही मागू नये.