खेचरावरचा नेपोलियन तरी खरा कशावरून?

दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवलेली आपण अनेकदा पाहिली असतील. एकात नेपोलियन मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावरून आल्प्स ओलांडतो आहे. दुसऱ्यात तो दमलेल्या खेचरावर अंग चोरून बसला आहे. खाली ओळ असते : ‘प्रचार आणि सत्य’. माझे भांडण या ओळीशी आहे.

पहिले चित्र जाक-लुई दाविदचे, १८०१ सालचे. प्रत्यक्षात मे १८०० मध्ये नेपोलियनने ग्रेट सेंट बर्नार्ड घाट खेचरावरूनच ओलांडला, यात वाद नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली आहेत : वक्त्याचे शील, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. दाविदने तिन्ही वापरली. घोडा बिथरलेला, पण स्वाराचा चेहरा शांत; हे शील. फडफडणारा झगा आणि शिखराकडे रोखलेला हात भावना चेतवतात. युक्तिवाद मात्र पायाशी, खडकावर कोरलेला आहे. तेथे ‘बोनापार्ट’ हे नाव ठळक असून हॅनिबल आणि शार्लमेन यांची नावे पुसट होत चालली आहेत. आल्प्स ओलांडणाऱ्यांच्या पंगतीत हा तिसरा. निष्कर्ष चित्रकार सांगत नाही. तो आपणच काढतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष सहसा कोणी तपासून पाहत नाही. (तोफा ओढणारे सैनिकही चित्रात आहेत, घोड्याच्या पोटाखाली, चिमुकले.)

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९६४ मध्ये पास्त्याच्या एका जाहिरातीचे असेच विश्लेषण केले. चित्राचे अनेक अर्थ संभवतात. सोबतचा मजकूर त्यांतल्या एका अर्थाला नांगर टाकून धरतो, असे त्याचे म्हणणे. खडकावरची नावे हेच करतात. आणि ‘प्रचार आणि सत्य’ ही ओळ तरी दुसरे काय करते?

बार्थचा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. छायाचित्र केवळ ‘जे होते ते’ दाखवते असे आपण मानतो, म्हणून त्यात दडलेला अर्थ निरागस भासतो. पोल दलारोशचे खेचराचे चित्र छायाचित्र नव्हे, परंतु त्याची किमया तीच आहे. मळका बर्फ, वाटाड्याची काठी, खेचराचे ओले केस इतके बारकाईने रंगवले आहेत की चित्रकार साक्षीला उभा होता असे वाटावे. घटनेच्या वेळी दलारोश तीन वर्षांचाही नव्हता! चित्र १८४८ ते १८५० च्या सुमाराचे, म्हणजे नेपोलियनचा पुतण्या निवडणूक जिंकून फ्रान्सचा अध्यक्ष झाला त्या काळातले. एकाकी, विचारमग्न, सोसणारा महापुरुष ही त्या पिढीची आवड होती. खेचर खरे आहे. चेहऱ्यावरची व्यथा दलारोशची आहे.

त्या ‘खऱ्या’ नेपोलियनचा कोटात खुपसलेला हातही पाहा. हीच ढब १८१२ च्या एका प्रसिद्ध व्यक्तिचित्रात आहे. त्याचा चित्रकार दाविद.