वल्ह्याला कुठला ग्लू?

बाटलीवर 'वॉटरप्रूफ' दिसलं की माझ्यातला टेस्टर जागा होतो. वॉटरप्रूफ म्हणजे नक्की किती? पट्ट्या एकावर एक चिकटवून घरी वल्हं करायचं, तर हे आधी विचारायलाच हवं. तळ्याच्या मधोमध दांडा उकलला तर हातानं पाणी मारत काठाला यावं लागतं!

साधा पांढरा फेविकॉल टेबलखुर्चीला झकास, पण भिजला की मऊ पडतो. बाद. त्याच जातीतला टाइटबाँड ३ अमेरिकन टाइप १ चाचणी पास होतो: ४ तास उकळा, २० तास भट्टीत वाळवा, पुन्हा ४ तास उकळा, मग जोड तोडून बघा. तरीही कंपनीच सांगते, सतत पाण्याखाली राहणाऱ्या कामाला हा नको. पण वल्हं कुठे पाण्यात मुक्काम करतं? भिजतं, वाळतं. सरळ दांड्याला मी तो खुशाल वापरेन.

(दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान लाकडी होतं. सुरुवातीला त्याचे जोड केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या, ग्लूचे असत. उष्ण, दमट हवेत तो टिकेना, म्हणून पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड आला. हवापाणी बघूनच ग्लू निवडावा, तो असा.)

बाक असलेला दांडा मात्र वेगळं प्रकरण. पट्ट्या साच्यावर वाकवून चिकटवतात, आणि त्या जन्मभर सरळ व्हायला बघतात. अशा कायमच्या ताणाखाली पांढऱ्या जातीचे ग्लू हळूहळू सरकतात. इथे माझं मत इपॉक्सीला. पॉलियुरेथेन फुगून फट भरतो खरा, पण त्या फेसात जोर नसतो.

इपॉक्सीचे नखरे आहेत. मिश्रणाचं प्रमाण काट्यावर मोजायचं. हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होतो, हा निव्वळ गैरसमज. पट्ट्या खरबरीत घासायच्या, आधी नुसत्या इपॉक्सीचा हात, मग सिलिकाची पूड घालून दाट केलेला. क्लॅम्प बेतानं. जीव खाऊन आवळलात तर सगळा माल बाहेर आणि जोड उपाशी. उन्हाचं त्याला वावडं, म्हणून वर यूव्ही रोखणारं वॉर्निश हवंच.

आणि हो, सागवान तेलकट असतो. चिकटवायच्या आधी पट्ट्या ॲसिटोननं पुसा, आणि तो उडाला की लगेच ग्लू लावा.